डबल क्लिकचा हात आवरा! सॉलिटेअर शिकताना या चुका टाळा

धुळ्यात मी 18 वर्षं संगणकाचा क्लास चालवला. नवीन माणूस आला की पहिले दोन दिवस त्याला टायपिंग द्यायचो नाही, सॉलिटेअर द्यायचो, म्हणजे एकट्याने पत्ते लावायचा खेळ. पालक कुरकुरायचे, "पोराला पत्ते कुटायला पाठवलंय का सर?" त्यांना काय सांगणार? 1990 मध्ये विंडोज 3.0 सोबत हा खेळ आला, तोच मुळी माउसने धर, ओढ, सोड ही सवय लोकांच्या हाताला लागावी म्हणून. आता क्लास बंद आहे, माउसही गेला आणि सगळे मोबाइलवर खेळतात. चुका मात्र त्याच. एकच चूक शंभराव्यांदा समजावताना चिडचिड होते, म्हणून लिहून टाकतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे दिसला पत्ता की पाठव वर. एक्क्यापासून राजापर्यंत रचायची ती वरची चार घरं भरणं म्हणजेच खेळ, असं नवख्याला वाटतं. त्यातून आपण सगळे बदाम सात खेळून मोठे झालेलो. तिथे पत्ता लागत असेल तर टाकावाच लागतो आणि हात रिकामा झाला की जिंकलो. सॉलिटेअरमध्ये खरी लढाई खालच्या सात रांगांत असते, जिथे लाल-काळा आलटून पालटून उतरत्या क्रमाने पत्ते लावायचे. 28 पत्ते मांडले जातात, त्यातले 21 पालथे. ते उलगडल्याशिवाय वरची घरं कितीही सजवा, डाव अडणार.

आमच्या शेजारचे आप्पा एसटीतून निवृत्त झालेले. ओट्यावरच्या रमीत त्यांचा हात कोणी धरत नाही. मागच्या आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, दुपारी पुरणपोळी आणि आमरस हाणून सगळे पेंगत होते, बाहेर ऊन मी म्हणत होतं, आणि आप्पा मोबाइल घेऊन माझ्याकडे आले. "हाऊ खेळच खोटा शे भो."

मी पाहिलं. बदाम थेट सत्तीपर्यंत वर गेलेले, आप्पांना त्याचाच अभिमान. खाली सातव्या रांगेत इस्पिकची चौकी उघडी बसलेली आणि तिच्याखाली पाच पत्ते पालथे. ती हलवायची तर लाल पंजी हवी. बदामची पंजी वर, तिच्या डोक्यावर छक्की आणि सत्ती. चौकटची पंजी कुठेच दिसेना. उरलेल्या पत्त्यांचा गठ्ठा दोनदा फिरवून झालेला, म्हणजे ती पालथ्यातच कुठेतरी. इस्पिकचा तर वर फक्त एक्का, त्यामुळे चौकी वर जायचाही प्रश्न नाही. मी खेळी मागे घेणारं 'अनडू' दाबत सुटलो. सतराव्या वेळी बदामची पंजी किलवरच्या छक्कीवर परत आली. तिच्यावर चौकी ठेवली, खालचा पत्ता उघडला तर इस्पिकची दुर्री! ती वर गेली आणि तिच्याखाली कोण? चौकटची पंजी. आप्पा पाच मिनिटं काही बोलले नाहीत.

माझा हिशेब साधा आहे. एक्का आणि दुर्री बिनधास्त वर पाठवायची. तिर्रीपासून पुढे थांबायचं. बदामची पंजी वर पाठवण्याआधी बघायचं की दोन्ही काळ्या चौक्या वर गेल्या का. गेल्या असतील तर त्या पंजीची खाली कोणाला गरज उरलेली नाही. गेल्या नसतील तर मी तिला खालीच ठेवतो. मात्र ती उचलल्याने एखादा पालथा पत्ता उघडत असेल तर गोष्ट वेगळी. बऱ्याच ठिकाणी वर गेलेला पत्ता खाली आणता येतो. विंडोजच्या जुन्या सॉलिटेअरमध्ये त्याचे 15 गुण कापले जायचे. कापू द्या, गुणांसाठी कोण खेळतं?

या सगळ्याचं मूळ डबल क्लिकमध्ये आहे. डबल क्लिक केलं की पत्ता आपोआप वर जातो, हे क्लासमधल्या एखाद्या पोराला कळलं की संध्याकाळपर्यंत अख्ख्या बॅचला कळायचं, आणि त्या दिवसापासून कोणाचा डाव सुटायचा नाही. मोबाइलवर तर नुसतं बोट लागलं तरी पत्ता अ‍ॅपच्या मनाला येईल तिथे जाऊन बसतो. दोन काळ्या अठ्ठ्या उघड्या असतील तर लाल सत्ती कुठल्या अठ्ठीवर जावी हे तुम्ही ठरवायचं की अ‍ॅपने? सेटिंगमध्ये जाऊन हे ऑटो प्रकरण बंद करा आणि बोटाने ओढून पत्ता ठेवा. वेळ लागतो. लागू द्या. इतली घाई कसाले?

'हिंट'चंही तसंच. ती चालणारी खेळी दाखवते, चांगलीच दाखवेल असं नाही.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे रांग रिकामी करायची घाई. रिकाम्या रांगेत फक्त राजा बसतो. राजा हाताशी नसताना जागा मोकळी केली तर ती नुसती शोभेला. आणि राजा असला तरी लाल बसवायचा की काळा, हे आधी खाली कोणत्या रंगाची राणी अडकलीय ते बघून ठरवा.

दोन सारख्या खेळ्या समोर असतील तर मी ज्या रांगेत पालथे जास्त, तिथली खेळतो.

तीन-तीन पत्ते काढायच्या प्रकारात गठ्ठ्यातून दिसेल तो पत्ता उचलू नका. गठ्ठ्यात 24 पत्ते असतात. एक उचलला की पुढच्या फेरीत त्याच्यानंतरच्या सगळ्यांची जागा एकाने सरकते, आणि काल दिसणारी राणी आज दडते. कधी हे मुद्दाम करायचं असतं, पण ते नंतर शिका. आधी एकेक पत्ता काढून खेळा, त्यात कमीपणा नाही.

आणि प्रत्येक डाव सुटतोच असं नाही. तीन-तीनच्या प्रकारात सगळे पत्ते उघडे दिसले असते, तरी शंभरातले साधारण 82 डावच सुटण्यासारखे असतात. फ्रीसेल या पत्त्यांच्याच दुसऱ्या खेळाचं गणित वेगळं. विंडोजच्या जुन्या फ्रीसेलमध्ये क्रमांक दिलेले 32,000 डाव होते आणि त्यातला न सुटणारा एकच, 11982. तेव्हा फ्रीसेलमध्ये हरलात तर नशिबाला बोल लावू नका.

स्पायडर हा पत्त्यांचाच आणखी एक खेळ शिकताना चार रंगांपासून सुरुवात करणारे मला कळलेलेच नाहीत. एका रंगाने सुरू करा. सुरुंग शोधायच्या माइनस्वीपरमध्ये आकडा आजूबाजूच्या आठही घरांतल्या सुरुंगांचा असतो, तिरकी चार घरं विसरू नका.

आता खेळाबाहेरची, पण खिशाला लागणारी चूक. 'फ्री' दिसलं की लोक हिरवं बटण दाबतात. खेळाच्या पानावरचं सगळ्यात मोठं, चमकणारं 'डाउनलोड' बटण बहुतेक वेळा खेळाचं नसतंच, जाहिरातीचं असतं. त्याहून वाईट 'अलाऊ'. आप्पांनी कुठल्याशा साइटवर ते दाबलं आणि आठवडाभर त्यांच्या मोबाइलवर "तुमच्या फोनमध्ये 13 व्हायरस" असले संदेश टणाटण येत राहिले. घाबरून त्यांनी फोनच कपाटात ठेवला. व्हायरस एकही नव्हता. त्या साइटला नोटिफिकेशन पाठवायची परवानगी मिळाली होती, इतकंच. क्रोमच्या सेटिंगमध्ये साइट सेटिंग्ज, तिथे नोटिफिकेशन्स, आणि यादीतून ती साइट काढून टाकायची. दोन मिनिटांचं काम. पत्ते लावायला कोणत्याही खेळाला तुमचे कॉन्टॅक्ट्स, लोकेशन किंवा नोटिफिकेशन लागत नाही.

पैसे भरून खेळा म्हणणाऱ्याच्या वाटेला तर जाऊच नका. ऑगस्ट 2025 मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा देशात आलाय. बक्षीस लागलंय, यूपीआय पिन टाका म्हणाले तर लगेच बंद करा. पैसे घ्यायला पिन लागत नसतो.

शेवटची चूक माझीच. आप्पांचा फोन साफ करताना मी उत्साहाच्या भरात ब्राउझरचा सगळा साइट डेटाही पुसला. लॉगिन न करता खेळलं की जिंकल्या-हरल्याची नोंद त्या डेटातच राहते, हे मला माहीत होतं, त्या दिवशी डोक्यात आलं नाही. आप्पांचे 212 जिंकलेले डाव गेले. चहाला आले की अजूनही आधी तो आकडा सांगतात, मग कप हातात घेतात.