कमरेचा पट्टा घेताना कप्पे मोजू नका, आणि या चुकाही टाळा

फोन-पैसे ठेवायचा कमरेचा पट्टा घ्यायला माणूस दुकानात शिरला की पहिला प्रश्न ठरलेला: "कप्पे किती?" कंबर किती, घालणार कशावर, आत काय काय जाणार, हे कुणी सांगत नाही. मी विचारलं की तोंड वाकडं होतं, जणू मी आधार कार्डच मागितलं. म्हापशात बॅगा आणि कमरेचे पट्टे शिवायचं, दुरुस्त करायचं माझं काम. शुक्रवारच्या बाजाराला आलेली माणसं बाजार आटोपून जाता जाता तुटके-उसवलेले पट्टे टेबलावर टाकून जातात. बरेचदा त्या पट्ट्यात काहीच वाईट नसतं. तो भलत्याच कामाला जुंपलेला असतो, एवढंच.

डिसेंबरच्या चिखलीच्या मॅरेथॉनसाठी धावणारे येतात, आषाढीआधी डिचोली-सत्तरीकडचे पायी पंढरपूरला जाणारे येतात, जूनमध्ये सांजावला, म्हणजे सेंट जॉनच्या सणाला, विहिरीत उड्या मारणारी पोरं, आणि वर्षभर स्कूटरवरून कामाला जाणाऱ्या मुली. या चौघांना चार तऱ्हेचे पट्टे लागतात. मागतात मात्र सगळे एकच: ज्याला कप्पे जास्त तो. जास्त कप्पे म्हणजे जास्त शिवण, आणि पट्टा उसवतो तो शिवणीतच. शिवाय कप्पा दिसला की माणूस त्यात काहीतरी कोंबतोच. माझ्या मते दोन कप्पे पुरेत, एक फोनचा आणि एक चावी-पैशांचा. तिसरा हवा असेल तर खांद्याला पिशवी लावा.

पँटचा नंबर म्हणजे पट्ट्याचं माप नव्हे

"चौतीसची पँट लागते, चौतीसचा द्या." पँटवरचा आकडा कंपनी आपल्या मर्जीनं छापते. एका कंपनीची चौतीस दुसरीच्या छत्तीसला भारी पडते. त्यातून पँट बसते बेंबीच्या खाली, साडी नेसणाऱ्या बाईची गाठ त्याच्या वर, आणि पट्टा बसायला हवा तो कमरेच्या हाडाच्या वरच्या काठावर. तिथे बोट लावून हाड चाचपा, टेप तिथून फिरवा, आणि जे कपडे घालून पट्टा लावणार त्याच कपड्यांवरून माप घ्या. त्या मापाच्या साधारण दहावा हिस्सा कमी इलॅस्टिक मी कापते. आधी वापरलेलं, सैलावलेलं इलॅस्टिक असेल तर जरा आणखी कमी.

आता फोन नाचण्याची तक्रार. धावताना मिनिटाला १६०-१८० पावलं पडतात आणि हल्लीचा फोन कव्हरसकट दोनशे ग्रॅमच्या आसपास किंवा वरच भरतो. प्रत्येक पावलाला तो वर जाऊन खाली आदळणार. यावर लोकांचा उपाय एकच, पट्टा आवळा. आवळतात, पोटाला वळ उठतात, श्वास अडखळतो, आणि फोन तरीही नाचतो. कारण नाचतो तो पट्टा नव्हे, कप्प्याच्या आतला फोन. कप्पा मोठा, फोन लहान, मग आतल्या आत त्याची शाळा सुटलेली. कप्पा फोनला चिकटून बसेल एवढाच हवा, फोन आडवा हवा, आणि कप्प्याचं कापड ताणलं जाणारं हवं. उभ्या फोनचं खालचं टोक मांडीला लागतं, ते वेगळंच दुखणं.

मी दुकानात गिऱ्हाईकाला फोन आत घालून जागच्या जागी उड्या मारायला लावते. मग स्टुलावर बसवते, स्कूटरवर बसल्यासारखं पुढे वाकायला सांगते. पट्टा आणि पोट यांच्यामध्ये दोन बोटं सहज जायला हवीत. लाजतात. "घरी बघतो गे" म्हणून निघून गेलेले आठवड्याभरात परत येतात, पट्टा हातात, आणि आल्या आल्या दोष इलॅस्टिकला.

'वॉटरप्रूफ' या शब्दावर विसंबणं

ही माझी खास डोकेदुखी, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

शिवोलीकडचा एक पोरगा. सांजावला, म्हणजे २४ जूनला, डोक्यावर कोपेल, म्हणजे फुलापानांचा मुकुट, घालून मित्रांबरोबर विहिरीत उडी मारली. कमरेला ऑनलाइन मागवलेला पट्टा, त्यावर छापलेलं 'शंभर टक्के वॉटरप्रूफ', आत नवा फोन. दुसऱ्या दिवशी पट्टा घेऊन माझ्याकडे. "ताई, ह्याची चेन तेवढी बघा ना, तिथून पाणी गेलं." पट्टा माझा नव्हता, पण बघितला. चेन ठीक होती. कप्पा उलटा करून ट्यूबलाइटसमोर धरला, तर शिवणीच्या रेषेत उजेडाचे टिपके. मग मगभर पाणी आत ओतून दाखवलं. कापडातून एक थेंब आला नाही. शिवणीतून मात्र ओळीनं ठिबकायला लागलं.

कापड कितीही चांगलं घ्या, सुई त्याला भोक पाडते. माझी मशीन इंचाला आठ-दहा टाके घालते. सात इंच लांब आणि चार इंच रुंद कप्पा धरला तर भोवतीची शिवण बावीस इंच, म्हणजे दोनशेच्या आसपास भोकं. ही भोकं बुजवायला आतून गरम करून चिकटवायची टेप लावावी लागते, नाहीतर शिवण टाळून कापड वितळवून जोडावं लागतं. स्वस्तातल्या पट्ट्यात यातलं काही नसतं. तुमचा पट्टा आतून बाहेर काढा. शिवणीवर चकचकीत पट्टी दिसली नाही तर तो पट्टा भुरभुर पावसापुरता, बाकी छापलेलं काही असो. चेनीचंही तेच. रबराचा हात दिलेली चेन शिंतोडे अडवते, पाण्यात बुडवली की सोडते.

पोराचं दुसरं म्हणणं, "पण फोनच आयपी ६८ आहे." असेल. आयपी म्हणजे फोन धूळ-पाणी किती अडवतो त्याचा आकडा. ती चाचणी प्रयोगशाळेत, स्वच्छ आणि स्थिर गोड्या पाण्यात होते. आयपी ६७ म्हणजे एक मीटर खोल, अर्धा तास. ६८ त्याहून जास्त, पण किती ते कंपनी ठरवते. त्यात वरून मारलेली उडी धरलेली नसते, विहिरीतला गाळ नसतो, आणि कळंगुटच्या समुद्राचं खारं पाणी तर नसतंच. फोन एकदा पडून कुठे चीर गेली असेल तर तो आकडाही गेला.

खरा घात नंतर झाला. घरी येऊन फोन तांदळाच्या डब्यात खुपसला आणि तासाभरात, चालू होतो का बघायला, चार्जर लावला. ओल्या खाचेत वीज गेली की धातूचे पाय गंजतात, कधी फोनच जळतो. तांदळाचा तर उपयोगच नाही. भुकटी आणि बारीक कण खाचेत जातात, ती वेगळी भानगड. अॅपल स्वतः सांगते, तांदळात ठेवू नका. फोन बंद करा, खाच खाली करून तळहातावर हलकेच आपटा, आणि वारा लागेल अशा कोरड्या जागी ठेवून द्या. पंखा पुरे. केस वाळवायचं गरम यंत्र नको, कापसाची काडी नको. चार्जर दुसऱ्या दिवशी. खाऱ्या पाण्यात पडला असेल तर सरळ दुरुस्तीवाल्याकडे न्या, वाट बघत बसू नका.

पण एवढा धीर कुणाला असतो? विहिरीत उडी मारताना फोटो हवा, वर आल्या आल्या स्टेटस हवं. मी तरी सांगते, फोन काठावर आईकडे द्या. न्यायचाच असेल तर दाबून बंद होणाऱ्या प्लास्टिकच्या पाकिटात घाला, आणि त्याआधी त्या पाकिटात कोरडा टिश्यू घालून रात्रभर बादलीत बुडवून ठेवा. सकाळी टिश्यू कोरडा निघाला तरच त्यावर भरवसा. माशेलच्या चिखलकाल्याला जाणाऱ्यांनाही हेच. चिखल पाण्यापेक्षा वाईट, चेनीच्या दातांत वाळला की रनर हलत नाही.

पाणी बाहेरूनच येतं असंही समजू नका. गोव्याच्या हवेत घाम वाळत नाही, पट्ट्यात मुरतो, आणि बाहेरचं कापड वॉटरप्रूफ असलं तर तो आत कोंडला जातो. पावसात कोरडा राहिलेला फोन मीरामारवरून धावून आल्यावर ओला निघतो. फोन साध्या पातळ पाकिटात घालून मग कप्प्यात घाला. पट्ट्याची अंगाकडची बाजू जाळीची असेल तर उत्तम.

लहान चुका, लहान उत्तरं

चावी आणि फोन एका कप्प्यात: नाही म्हणजे नाही. काच महाग, चावी स्वस्त.

किल्ल्यांचा जुडगा किंवा कुठलीही टणक वस्तू बरोबर मणक्यावर घेऊ नका. स्कूटरवरून मागे आपटलात तर ती पाठीत घुसते. माडावर चढणारे कोयता मागे अडकवतात, ते चढताना पुढे काही आड येऊ नये म्हणून. त्यांचं बघून आपण करायचं कारण नाही.

फोनची काच उघड्या पोटाला लावली की घामानं बटणं दाबली जातात. बाजूचं बटण पट्ट्यानं वारंवार दाबलं गेलं तर काही फोन थेट ११२ लावतात. बटणाची बाजू वर ठेवा, काच बाहेर.

दंडावरचा पट्टा मोठ्या फोनला घेऊ नका. घसरू नये म्हणून आवळावा लागतो आणि हाताला मुंग्या येतात.

चुंबकाच्या बकलाजवळ हॉटेलच्या खोलीचं काळ्या चुंबकी पट्टीचं कार्ड ठेवलं तर ते पुसलं जाऊ शकतं, दार उघडत नाही, मग खालच्या काउंटरवर पळा.

इन्सुलिन अंगाला चिकटून ठेवू नका. वापरात असलेली बाटली किंवा पेनही साधारण तीस अंशांच्या खाली राहायला हवं, आणि आपलं अंग त्याहून गरम. ते वेगळ्या पिशवीत, उन्हापासून लांब.

बसचं तिकीट आणि एटीएमची पावती उष्णतेनं काळी पडते नाहीतर कोरी होते. जपून ठेवायची असेल तर फोटो काढा.

सगळे पैसे एकाच जागी

कपड्याच्या आत लावायच्या चपट्या पट्ट्याबद्दल लोकांचा गैरसमज मोठा. तो लपवायला असतो, दिवसभर उघडायला नाही. डिचोलीच्या एक काकू पायी वारीला निघाल्या, त्यांना मी असा पट्टा शिवून दिला होता. पाचशेच्या नोटा, आधार कार्ड, रक्तदाबाच्या गोळ्या, सगळं त्यातच. वाटेत चहाला दहा रुपये हवे झाले की भर रस्त्यात पदर सारून हात आत. दोन दिवसांत दिंडीतल्या साऱ्यांना माहीत, काकूंचे पैसे कुठे आहेत ते. दिंडीतली माणसं चांगली, कुणी हात लावला नाही. पण यात्रेत दिंडीबाहेरचेही डोळे असतात. शेवटी त्यांच्या सुनेनं त्यांना साधी कापडी चंची दिली, सुटे आणि दिवसाच्या गोळ्या तिच्यात. पट्टा मग काकू रोज रात्री, दार लागल्यावरच उघडायला लागल्या.

जुनी माणसं नाहीतरी असंच करायची. सुटे पैसे कनवटीला, मोठी रक्कम 'कसा' नावाच्या कमरेला बांधायच्या थैलीत, आणि तो कसा घरी जाऊनच सोडायचा. शिरगावच्या जत्रेला, फातर्प्याला, म्हापशाच्या शुक्रवारी, जिथे खांद्याला खांदा लागतो तिथे हाच हिशेब ठेवा. बाहेरून लावायचा पट्टा असेल तर कप्पा पोटासमोर आणि चेनीचा रनर बंद झाल्यावर डाव्या हाताखाली येईल असा. गर्दीत उजवा हात पिशव्यांत गुंतलेला असतो, डावा मोकळा.

धुणं, वाळवणं, आणि घरची शिवण

इलॅस्टिक मारतं कोण? गरम पाणी, इस्त्री, ऊन आणि तेल. खोबरेल तेल चोपडून धावायला जाणारे मला माहीत आहेत. तेल रबरात मुरतं, रबर फुगतं, ताण जातो. समुद्रावरून आलात की पट्टा त्याच संध्याकाळी गोड्या पाण्यातून काढा, नाहीतर मीठ धातूच्या चेनीला धरतं आणि ती जाम होते. आमच्या हवेला नायलॉनची किंवा प्लास्टिकची चेनच बरी. अडकायला लागली की दातांवर मेणबत्ती घासा, तेल नको, तेलावर वाळू बसते. व्हेल्क्रो असेल तर बंद करूनच धुवा, उघडा राहिला तर दुसऱ्या कपड्यांचे धागे ओढतो. त्यातला कचरा जुन्या टूथब्रशनं निघतो.

जुलैत पट्टा दोरीवर टाकून वाळत नाही, त्याला बुरशी येते आणि तो वास नंतर जात नाही. टॉवेलात गुंडाळून पिळा आणि पंख्याखाली आडवा पसरा. उभा टांगला तर ओल्या वजनानं इलॅस्टिक लांबतं.

उसवलं तर घरच्या मशीनवर सरळ टीप मारू नका. सरळ टीप ताणली जात नाही, इलॅस्टिक ताणलं जातं, पहिल्याच ओढीला दोरा तटकन तुटतो. झिगझॅग मारा, पॉलिस्टरच्या दोऱ्यानं, आणि टोकाला दोनदा मागे-पुढे. मशीनवर झिगझॅग नसेल तर आणा माझ्याकडे, पण धुऊन आणि कप्पे रिकामे करून आणा. गेल्या पावसाळ्यात एकाच्या पट्ट्यातून खाऱ्या शेंगदाण्यांना फुटलेले बुरशीचे केस निघाले, आणि त्याच्यासाठी मला अख्खं टेबल डेटॉलनं पुसावं लागलं. त्याचे पैसे मी लावले.