कोणत्या प्रणालीवर, कोणत्या स्टोअरमधून: खेड्यातील संगणक वापरकर्त्यासाठी मार्गदर्शन

आर्वी, दारव्हा किंवा चिमूरसारख्या तालुक्याच्या गावी संगणकाच्या दुकानात गेले की रॅम किती आणि हार्डडिस्क किती, एवढ्यावरच बोलणे होते. घेतलेल्या यंत्रावर आपले सॉफ्टवेअर कोठून येणार, ते कोण अद्ययावत करणार आणि उद्या यंत्र बदलले तर आपल्या फाइली सोबत येतील की नाही, हे सहसा कोणी विचारत नाही. आपला प्रोग्रॅम आपल्याच स्टोअरमधून, म्हणजे प्रोग्रॅम उतरवून घेण्याच्या ऑनलाइन दुकानातून, लोकांपर्यंत पोहोचावा यासाठी विंडोज बनवणारी मायक्रोसॉफ्ट, ॲपल, गूगल आणि लिनक्स या मोफत प्रणालीचे निरनिराळे गट यांच्यात चढाओढ चालू असते, आणि तिचा भुर्दंड संपलेला डेटा पॅक, न उघडणारी फाइल व तालुक्याची वाढीव फेरी अशा रूपाने वापरणाऱ्याला बसतो. तो शक्य तितका कमी बसावा, यासाठी पुढील क्रमाने जावे.

प्रथम घरातील किंवा दुकानातील कामे कागदावर लिहून काढावीत आणि प्रत्येक कामापुढे ते ब्राउझरमध्ये होते, स्वतंत्र प्रोग्रॅम लागतो की फक्त मोबाईलवरच होते, हे नोंदवावे. सातबारा काढणे, महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरणे आणि बँकेचे व्यवहार ब्राउझरमध्ये होतात, त्यामुळे या कामांसाठी कोणतीही प्रणाली, म्हणजे विंडोज किंवा लिनक्ससारखी संगणक चालवणारी मूळ व्यवस्था, चालते. कृषी केंद्राचा हिशेब टॅलीवर असेल तर मात्र विंडोज घ्यावेच लागते, कारण टॅली विंडोजसाठीच बनवलेले आहे. अंगठा घेण्याचे बायोमेट्रिक यंत्र किंवा डिजिटल स्वाक्षरीचे टोकन वापरायचे असल्यास त्याचा ड्रायव्हर, म्हणजे ते यंत्र संगणकाशी जोडणारा छोटा प्रोग्रॅम, कोणत्या प्रणालीवर चालतो, हे पैसे देण्याआधी विक्रेत्याकडून पक्के करून घ्यावे. ई-पीक पाहणी बांधावर उभे राहून मोबाईलनेच करायची असते. विंडोज ११ मध्ये मोबाईलची ॲप चालवण्याची जी सोय मायक्रोसॉफ्टने दिली होती ती ५ मार्च २०२५ पासून बंद झाली आहे, तेव्हा ‘मोबाईलचे सगळे यात चालते’ या सांगण्यावर संगणक घेऊ नये.

यादी झाली की घरात असलेल्या यंत्राकडे पाहावे. विंडोज १० ची नियमित सुरक्षा अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. नोंदणी करणाऱ्या घरगुती वापरकर्त्यांना ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळण्याची व्यवस्था आहे. विंडोज ११ साठी किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण, टीपीएम २.० ही सुरक्षा व्यवस्था आणि मायक्रोसॉफ्टच्या यादीतील प्रोसेसर लागतो, आणि इंटेलच्या बाबतीत ही यादी साधारणपणे आठव्या पिढीपासून सुरू होते. कार्यालयांतून निघालेले जुने संगणक स्वस्तात विकले जातात त्यांपैकी पुष्कळसे या अटीत बसत नाहीत. ‘अकरा टाकून देतो’ असे विक्रेता म्हणाला तरी अधिकृत अटी टाळून घातलेल्या प्रणालीला पुढील अद्यतने मिळतीलच याची हमी नसते. नवा लॅपटॉप घेताना तो विंडोजच्या ‘एस मोड’मध्ये आहे का, हेही पाहावे. या मोडमध्ये केवळ मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधील ॲप बसवता येतात आणि टॅलीची सेटअप फाइल चालतच नाही. त्यातून बाहेर पडणे मोफत आहे, मात्र एकदा बाहेर पडल्यावर परत जाता येत नाही.

विंडोजवर सॉफ्टवेअर घेण्याचे दोन मार्ग आहेत, स्टोअर आणि उत्पादकाचे स्वतःचे संकेतस्थळ, आणि दोन्ही योग्य आहेत. धोका तिसऱ्या मार्गात आहे. गूगलवर नाव शोधून वर आलेल्या जाहिरातीच्या दुव्यावरून, किंवा मोठ्या हिरव्या ‘डाउनलोड’ बटणावरून उतरवलेली फाइल आपल्यासोबत नको असलेले चार प्रोग्रॅम घेऊन येते.

जुन्या यंत्रावर लिनक्स टाकण्याचा सल्ला हल्ली वारंवार दिला जातो आणि ब्राउझर, पत्रव्यवहार व अभ्यास एवढेच काम असेल तर तो मला योग्य वाटतो. मात्र येथेही चढाओढ आहेच, आणि अडचणी आल्याशिवाय ती नवख्याच्या लक्षात येत नाही. एकच प्रोग्रॅम प्रणालीच्या मूळ भांडारातून, म्हणजे प्रणालीसोबतच येणाऱ्या सॉफ्टवेअरच्या साठ्यातून, किंवा स्नॅप, फ्लॅटपॅक व ॲपइमेज या तीन प्रकारच्या वेष्टनांत मिळतो; ॲपइमेजमध्ये सगळा प्रोग्रॅम एकाच फाइलीत असतो. स्नॅपचे स्टोअर कॅनॉनिकल ही उबुंटू या लिनक्सच्या प्रकारामागची कंपनी चालवते आणि उबुंटू २२.०४ पासून फायरफॉक्स हा ब्राउझरसुद्धा त्याच वाटेने येतो; उलट लिनक्स मिंट या दुसऱ्या प्रकाराने २०२० मधील विसाव्या आवृत्तीपासून स्नॅपला आपल्याकडे अडवून धरले आणि फ्लॅटपॅक सोबत दिले. या भांडणात कोण बरोबर, याचा निकाल लावण्याची आपल्याला गरज नाही. आपल्याला दोन परिणाम ठाऊक हवेत.

पहिला परिणाम डेटाचा. फ्लॅटपॅकमधून पहिलाच छोटा प्रोग्रॅम घेतला तरी त्याच्या पायाभूत भागासाठी कित्येक शे एमबी उतरतात. पुढचे प्रोग्रॅम तोच पाया वापरत असतील तर त्यांना कमी लागते. स्नॅप दिवसातून चार वेळा नवी आवृत्ती शोधून ती आपोआप उतरवतो, आणि मोबाईलच्या हॉटस्पॉटवर चालणाऱ्या घरात ऐन अर्ज भरताना दिवसाचा डेटा संपण्याचे कारण पुष्कळदा हेच असते. ही अद्यतने रोखून ठेवण्याची सोय आहे, ती पहिल्याच दिवशी वापरावी आणि अद्यतने तालुक्याला वायफायवर उरकावीत. म्हणून प्रोग्रॅम मूळ भांडारात असेल तर तो तेथूनच घ्यावा, कारण तो आकाराने लहान असतो. भांडारात नसेल तर ॲपइमेज पाहावी. ती पेनड्राईव्हवर आणून शेजाऱ्यालाही देता येते.

दुसरा परिणाम फाइली न दिसण्याचा. स्नॅप व फ्लॅटपॅक प्रोग्रॅमला कुंपणात ठेवतात, सुरक्षेच्या दृष्टीने ते चांगलेच आहे. पण त्यामुळे लावलेला पेनड्राईव्ह फाइल मॅनेजरमध्ये दिसतो आणि प्रोग्रॅमच्या ‘उघडा’ खिडकीत मात्र दिसत नाही. पेनड्राईव्ह खराब झाला असे समजून तो फॉरमॅट करण्याची घाई करू नये. सेटिंग्जमध्ये त्या प्रोग्रॅमच्या परवानग्या उघडून काढता-घालता येणाऱ्या साठवणीची परवानगी द्यावी, किंवा फाइल आधी आपल्या फोल्डरमध्ये उतरवून घ्यावी. याच कुंपणामुळे एकच ब्राउझर दोन मार्गांनी बसवला तर दोघांचे बुकमार्क व पासवर्ड वेगवेगळे राहतात आणि आपले सगळे पुसले गेले असा भास होतो. एक प्रोग्रॅम एकाच मार्गाने बसवावा.

प्रणाली बदलताना सर्वांत जास्त नुकसान जुन्या मराठी मजकुराचे होते. टायपिंगच्या क्लासमध्ये शिकलेल्या कृतिदेव या जुन्या फॉन्टमधील मजकूर आतून रोमन अक्षरांचाच असतो. देवनागरीचे रूप त्याला केवळ फॉन्टमुळे मिळते, आणि तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर ग्रामसभेचा ठराव निरर्थक अक्षरांचा दिसतो. असा मजकूर परिवर्तकाने, म्हणजे मजकूर बदलून देणाऱ्या प्रोग्रॅमने, युनिकोड या सर्व यंत्रांवर चालणाऱ्या अक्षरपद्धतीत करून घ्यावा, आणि जोडाक्षरे, रफार व पहिली वेलांटी डोळ्यांनी तपासावी, कारण चुका तेथेच होतात. नवे टंकलेखन युनिकोडमध्येच करावे. इन्स्क्रिप्ट ही कीबोर्डची रचना विंडोज व लिनक्स दोन्हींवर सारखीच असते आणि रेमिंग्टन या टाइपरायटरच्या रचनेची सवय असलेल्यांना ती रचना युनिकोडसाठीही मिळते. पाठवायचा अंतिम कागद पीडीएफ करावा, आणि बदल करता येणारी मूळ प्रत मात्र जपून ठेवावी.

पीडीएफच्या बाबतीत एक बारकावा आहे. डिजिटल स्वाक्षरीचा दाखला ब्राउझरमध्ये उघडला की स्वाक्षरीवर पिवळे प्रश्नचिन्ह दिसू शकते, म्हणजे दाखला खोटा आहे असे होत नाही. स्वाक्षरी पडताळण्याची सोय त्या ब्राउझरमध्ये नसते इतकेच. विंडोजवरील ॲडोबी रीडरमध्ये ती पडताळता येते. लिनक्ससाठी मात्र ॲडोबीने २०१३ नंतर रीडरची नवी आवृत्ती काढलेली नाही, त्यामुळे वारंवार दाखले तपासणाऱ्या सेवा केंद्राने किमान एक यंत्र विंडोजचे ठेवावे.

शेवटी, लिनक्सकडे वळायचे ठरले तरी लगेच हार्डडिस्क पुसू नये. लिनक्स मिंट पेनड्राईव्हवरून, काहीही न बसवता, सुरू करता येते. आपल्या भागात लाईनचा भरवसा नसल्यामुळे लॅपटॉप चार्ज करून, वीज असलेल्या वेळी तसे सुरू करावे आणि हॉटस्पॉट जोडून यादीतील प्रत्येक काम एकदा करून पाहावे; प्रिंटरवर मराठी मजकुराचे एक पान छापावे, स्कॅनरवर आधारकार्ड घेऊन पाहावे. जे काम अडेल त्यापुढे यादीत खूण करावी, आणि ते काम रोजचे असेल तर विंडोज राहू द्यावे.