इतिहास-भूगोलाचा आठवडा: सोलापुरातल्या नव्या शिक्षकांसाठी

बी.एड. करून नवीन माणूस शाळेत रुजू झाला की पहिल्यांदा टाचणवहीच्या, म्हणजे पाठाच्या तयारीच्या वहीच्या, मागे लागतो. मुख्याध्यापक टाचण तपासतात, गृहपाठ कोणी तपासत नाही, त्यामुळे ते साहजिकच आहे. पण सहावी ते आठवीला इतिहास, नागरिकशास्त्र आणि भूगोल शिकवायचा असेल तर माझा सल्ला उलटा आहे. आधी आठवड्याचा एकच गृहपाठ ठरवा आणि पुढच्या आठवड्याचा पहिला तास त्याच्यावरच उभा करा. मुलांनी घरून काही आणलं नाही तर तास पुढे सरकू नये, इतका तो धड्यात गुंतलेला हवा.

धड्याखालच्या स्वाध्यायाची उत्तरं गाईडमध्ये तयार असतात. ती घरी लिहायला सांगितली की साठ वह्यांत एकच उत्तर येतं, शुद्धलेखनाच्या चुकांसकट. स्वाध्याय वर्गातच, पुस्तक उघडं ठेवून, जोडीने सोडवून घ्या. घरी द्यायचं ते गाईडमध्ये सापडणार नाही असंच.

सहावीच्या नागरिकशास्त्रात स्थानिक शासन संस्था आहेत. ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, महानगरपालिका ही नावं मुलं पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरतात. मी तिथे पाण्याचा गृहपाठ देतो: तुमच्या भागात नळाला किती दिवसांनी पाणी येतं, किती वाजता येतं आणि तोवर ते कशात साठवता. मंगळवारी फळ्यावर तक्ता मांडायचा. सोलापूरच्या मुलांना या विषयात बोलतं करावं लागत नाही. "सर, आमच्याकडं रात्री येतंय ओ, आई जागीच असत्या" असं कोणीतरी म्हणतं आणि वर्ग पेटतो. मग विचारायचं, हे पाणी येतं कुठून? उजनी धरणातून, शंभरेक किलोमीटर जलवाहिनीतून. आणि सोडतं कोण? शहरातली मुलं महापालिका म्हणतात, शेजारच्या कुंभारी गावाकडून येणारी ग्रामपंचायत म्हणतात. दोघांचंही बरोबर कसं, हे सांगता सांगता अर्धा धडा होऊन जातो. घरी असेल तर घरपट्टीची पावती बघून यायला सांगा, पण वर्गात आणायला नको. भाड्याने राहणाऱ्या मुलांची पंचाईत होते.

आठवीच्या भूगोलात सुरुवातीलाच स्थानिक वेळ आणि प्रमाण वेळ येते. हा धडा फळ्यावर कोरडा वाटतो, उन्हात मात्र तो मजेचा होतो. सोलापूर साधारण 75 अंश 54 मिनिटं पूर्व रेखांशावर आहे आणि भारताची प्रमाण वेळ 82 अंश 30 मिनिटांवरून ठरते. दर अंशाला 4 मिनिटं धरली तर आपण सुमारे 26 मिनिटं मागे. म्हणजे जूनच्या मध्यावर सूर्य माथ्याजवळ येतो तो घड्याळात बाराला नव्हे, साडेबाराच्या सुमारास. रविवारी बारा ते एक अंगणात काठी उभी करून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खूण करायला सांगा. काठी चांगली मीटरभर हवी आणि दोरीला दगड बांधून ती सरळ आहे का ते बघायला हवं, नाहीतर सगळं चुकतं. आपण पर्जन्यछायेत असल्यामुळे जूनमध्येही ऊन बऱ्याचदा मिळतं. सावली सर्वांत आखूड असते तेव्हा ती जेमतेम दहा सेंटिमीटर भरते आणि दक्षिणेकडे पडते. ऐन दुपारची सावली नेहमी उत्तरेकडे पडते अशी समजूत असलेल्या मुलांना हे खरंच वाटत नाही. ती भांडायला येतात, तेव्हा भिंतीवरच्या नकाशात कर्कवृत्त दाखवायचं. आपण त्याच्या दक्षिणेला, आणि जूनमध्ये सूर्य त्याच्यावर. हा प्रयोग नोव्हेंबरमध्ये किंवा फेब्रुवारीत केला तर वेळ दहा-पंधरा मिनिटांनी सरकते, म्हणून जूनमध्येच उरकून घ्या.

सातवीचा इतिहास मध्ययुगाचा. किल्ला पायाखाली असूनही बरीच मुलं तिथे फक्त बागेत खेळायला गेलेली असतात. हा भुईकोट डोंगरावर नाही, मग त्याचं रक्षण कशाने व्हायचं, एवढा एकच प्रश्न घेऊन त्यांना पाठवा. खंदक, तलाव, दुहेरी तटबंदी हे आपोआप येतं.

आठवीला सविनय कायदेभंग शिकवताना सोलापूरकर शिक्षकाला फार शोधाशोध करावी लागत नाही. गांधीजींना अटक झाल्यावर मे 1930 मध्ये इथे गिरणी कामगार रस्त्यावर उतरले, गोळीबार झाला, शहरात मार्शल लॉ, म्हणजे लष्करी कायदा, लागला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी झाली. या हुतात्म्यांच्या चार पुतळ्यांसमोरून रोज जाणाऱ्या मुलांना ही चार नावं सांगता येतात का, ते आधी तोंडी विचारा. मग गृहपाठ: आपल्या गल्लीत मार्शल लॉ लागला तर सकाळपासून रात्रीपर्यंत काय काय बंद होईल, ते लिहा. नेटवरून उतरवता येत नाही आणि वाचायला मजा येते. धडा जानेवारीच्या सुरुवातीला बसेल असं नियोजन करा. पण गड्ड्याच्या, म्हणजे संक्रांतीच्या सिद्धेश्वर यात्रेच्या, दिवसांत काहीही देऊ नका. नंदीध्वजांच्या मिरवणुकीला आणि होम मैदानावर अर्धा वर्ग असतो, आणि असायलाच हवा.

शहराच्या पूर्व भागातल्या शाळेत नेमणूक झाली असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. आजीला विचारून या म्हटलं की उत्तर तेलुगूत येतं, अक्कलकोटकडच्या मुलांचं कानडीत. वहीत ते त्यांना हवं तसं लिहू द्या, वर्गात मराठीत सांगू द्या. आजोबा कोणत्या गिरणीत होते, घरात माग होता का, चादर विणायची की टॉवेल, यातून 1877 च्या जुन्या गिरणीपासून यंत्रमागापर्यंतचा उद्योगांचा धडा निघतो. घरी विड्या वळतात त्या मुलींना मजुरीचा आकडा मात्र सगळ्यांसमोर विचारू नका.

आता तपासणी. साठ वह्या दर आठवड्याला नीट वाचून होत नाहीत. एका आठवड्याला एक रांग पूर्ण वाचा आणि चांगल्या वाक्याखाली रेघ मारा, बाकीच्यांवर नुसती सही. सहावीला आकारिक, म्हणजे सत्रभराच्या कामाचे, 50 गुण, सातवी-आठवीला 40. यातले स्वाध्याय आणि उपक्रमांचे गुण याच कामातून त्याच आठवड्यात टिपून ठेवा. सत्र संपताना आठवून भरलेले आकडे कोणालाही कळतात.

गृहपाठ शनिवारी सकाळी द्या, मंगळवारी घ्या. सोमवारी मागितलात तर निम्मे जण "वही घरी राहिली" म्हणणार. मोबाईल लागेल असं काही नको, घरातला एकच मोबाईल वडिलांबरोबर कामावर जातो.

पहिल्या आठवड्यासाठी काहीच सुचत नसेल तर घर ते शाळा रस्त्याचा नकाशा काढायला सांगा. उत्तर दिशा दाखवायची आणि वाटेतल्या पाच सरकारी जागा. रिक्षाने येणाऱ्यांना तीन पुरेत.