गरवण्यावरचा लेख चोरीला गेला? या चुका टाळा

हौसेनं गरवणारा, म्हणजे गरी टाकून मासे पकडणारा माणूस लिहितो तेव्हा त्यामागे बरंच उन्हातान्हातलं बसणं असतं. कुठल्या खडपावर (किनाऱ्यावरच्या खडकांवर) कुठल्या भरतीला जायचं, जिवंत कोळंबी गरीला कशी लावली म्हणजे ती मरत नाही, हे काही एका दिवसात कळत नाही. तोच लेख एक दिवस दुसऱ्याच्या नावानं फिरताना दिसतो. फारच सज्जन चोर असेल तर खाली ‘साभार : व्हॉट्सअॅप’.

अशा वेळी पहिली चूक म्हणजे तिथल्या तिथे भांडण काढणं. तुम्ही शिव्या घातल्यात की समोरचा लेख काढतो किंवा चार शब्द बदलतो, आणि तुमच्या हातात काहीच उरत नाही. आधी पानाचा वेबपत्ता आणि तारीख दिसेल असे पूर्ण पानाचे स्क्रीनशॉट घ्या. ‘वेबॅक मशीन’ या वेबपानांच्या जुन्या प्रती जपणाऱ्या साइटवर त्याचंही पान जतन करा आणि तुमचंही, तिथली प्रत तारखेसकट राहते. फोटोंच्या मूळ फायली मोबाईलमधून पुसू नका. व्हॉट्सअॅपवरून गेलेल्या फोटोतली वेळ-कॅमेऱ्याची माहिती उडालेली असते, मूळ फाईलमध्ये ती असते. फोटोच्या कोपऱ्यात नाव टाकणंही व्यर्थ, ते कापून टाकायला दोन सेकंद पुरतात. नाव माशाच्या अंगावरच येऊ द्या.

दुसरी चूक जास्त नडते: जे आपलं नाही त्यावर हक्क सांगणं. एफजी गाठ (गरवण्याच्या दोन दोऱ्या जोडायची गाठ) कशी मारायची किंवा जिताडा मासा कुठल्या पाण्याला लागतो, ही माहिती कुणाच्या बापाची नाही. कल्पना, विषय आणि वस्तुस्थिती यांवर कॉपीराइट नसतो, हे सर्वोच्च न्यायालयानं 1978 मध्ये आर. जी. आनंद खटल्यात स्पष्ट केलंय. तुमची असते ती वाक्यरचना, मांडणी, फोटो, हातानं काढलेली आकृती. त्यामुळे ‘माझी माहिती चोरली’ असं मोघम लिहू नका, दोन्ही मजकूर शेजारी-शेजारी ठेवून ओळी दाखवा. तुमची टायपिंगची चूक तिकडे जशीच्या तशी उतरली असेल तर सोन्याहून पिवळं. स्थानिक तपशीलही चोराला उघडं पाडतात. समजा, मालवणच्या खडपावरचा लेख उचलून कुणी फक्त गावाचं नाव वर्सोवा केलं. मुंबईत उधाणाची भरती साडेचार मीटरच्या वर जाते, मालवणकडे पाणी त्याच्या निम्म्याच्या आसपास चढतं. मालवणच्या हिशेबानं वर्सोव्याच्या खडपावर बसलेला माणूस परतीची वाट पाण्याखाली गेलेली बघेल. तक्रारीत हा मुद्दा जरूर घाला. इथे प्रश्न नुसत्या श्रेयाचा राहत नाही, वाचणाऱ्याच्या जिवाचा होतो.

‘नोंदणी केली नव्हती’ म्हणून गप्प बसू नका. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार लिहिल्या क्षणी हक्क तुमचा होतो, नोंदणी ऐच्छिक आहे. लेखकाचं नाव लागण्याचा हक्क कलम 57 मध्ये वेगळा दिलेला आहे.

तक्रार कुठे करायची यातही गोंधळ होतो. सर्च इंजिनला कळवलं तर दुवा शोधात दिसेनासा होतो, पान तसंच राहतं. पान काढायचं तर ते ज्याच्या सर्व्हरवर आहे त्याला लिहा. अमेरिकी कंपन्या 1998 च्या डीएमसीए या तिथल्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे नोटीस घेतात. आपल्याकडे 2013 च्या कॉपीराइट नियमांनुसार, तक्रार पटली तर मजकूर 36 तासांत रोखायचा असतो. पण 21 दिवसांत कोर्टाचा आदेश नाही आला तर तो पुन्हा सुरू होऊ शकतो. हे न बघता निर्धास्त झालेले बरेच असतात.

उचलणाऱ्यांसाठीही थोडं. साभार म्हणजे परवानगी नव्हे. अमेरिकी लेखाचं मराठी भाषांतर करून आपलं नाव लावणं हीसुद्धा चोरीच, कारण भाषांतराचा हक्क मूळ लेखकाचा. दोन ओळींचं पत्र लिहून विचारलं तर हौशी लेखक बहुधा आनंदानं हो म्हणतो.

आणि पत्र तुम्ही लिहिणार असाल तर आधी ठरवा, हवंय काय. नवखा पोरगा असेल तर नाव आणि मूळ लेखाचा दुवा मागा, पुष्कळ झालं. त्याच लेखावर कुणी रॉड-रीळ विकत असेल तर सरळ मानधनाचा आकडा लिहा.