दुर्मिळ व्हिस्कीचं टोकन काढताय? आधी वखार पक्की करा

रिडीम करता येणारं टोकन म्हणजे ब्लॉकचेनवर, म्हणजे अनेक संगणकांवर एकाच वेळी ठेवलेल्या डिजिटल नोंदवहीत, लिहिलेली वखारीची पावती. बाटली जागची हलत नाही, मालकी हातोहात फिरते, आणि ज्याला बाटली हवी तो टोकन परत देऊन ती सोडवून घेतो. ऑक्टोबर 2021 मध्ये ब्लॉकबार या मद्याची टोकनं विकणाऱ्या कंपनीने ग्लेनफिडिकच्या 1973 सालच्या व्हिस्कीच्या 15 बाटल्या प्रत्येकी 18,000 डॉलरला अशाच विकल्या. बाटल्या सिंगापूरच्या गोदामात, खरेदीदाराच्या वॉलेटमध्ये, म्हणजे डिजिटल पाकिटात, टोकन. यातला कोड तुलनेने सोपा आहे. व्यवहार फसतो तो कोडच्या बाहेर, म्हणून सुरुवातही तिथूनच करा.

खालची पद्धत स्कॉटलंडमधल्या बॉन्डेड (शुल्क न भरता माल ठेवता येणाऱ्या) गोदामात ठेवलेल्या बाटल्यांसाठी आहे. एकाच पिंपातून भरलेल्या 48 बाटल्या विकायच्या आहेत असं धरू.

मालकीचा धागा

ब्रिटनच्या 1979 च्या वस्तुविक्री कायद्यानुसार माल तिसऱ्याच्या ताब्यात असेल, तर ‘हा माल आता मी तुमच्या वतीने सांभाळतो’ असं त्या तिसऱ्याने खरेदीदाराला मान्य केल्याशिवाय ताबा दिला असं होत नाही. इथे तो तिसरा म्हणजे गोदामवाला. त्याच्याशी लेखी करार करा: अमुक स्मार्ट कॉन्ट्रॅक्टमधलं (ब्लॉकचेनवर चालणाऱ्या प्रोग्रॅममधलं) टोकन ज्याच्या वॉलेटमध्ये, त्याच्या वतीने ती बाटली मी सांभाळतो. हा कागद नसेल तर तुमचं टोकन म्हणजे नुसतं चित्र.

त्याच कायद्याची दुसरी अट अशी की माल नेमका ठरलेला नसेल, तोवर सहसा मालकी जात नाही. ‘48 पैकी कोणतीही एक’ असं विकलंत आणि मध्येच तुमची कंपनी बुडाली, तर खरेदीदाराला कंपनीकडून पैसे येणं असलेल्यांच्या रांगेत जाऊन उभं राहावं लागू शकतं. म्हणून टोकन क्रमांक 17 म्हणजे बाटली क्रमांक 17 च. टोकनच्या ठरलेल्या नमुन्यांपैकी ईआरसी-1155 मध्ये एकसारखे नग काढणं स्वस्त पडतं, तरी इथे प्रत्येक टोकन वेगळं ठेवणारा ईआरसी-721 घ्या.

20 सप्टेंबर 2023 पासून ब्रिटनमध्ये इलेक्ट्रॉनिक व्यापारी दस्तऐवजांचा कायदा लागू आहे आणि त्याच्या यादीत वखारीची पावती आहे. तुमचं टोकन त्यात बसवता येईल का, हे विक्रीपूर्वी तिथल्या वकिलाकडून तपासून घ्या.

एका बाटलीचे शंभर हिस्से करून विकू नका. हिस्सेदार बाटली सोडवू शकत नाही, आणि नियामकाच्या नजरेत ती गुंतवणूक योजना ठरू शकते. भाव वाढेल असं आश्वासनही जाहिरातीत नको.

बाटलीची नोंद

प्रत्येक बाटलीचे निदान सहा फोटो काढा: पुढचं लेबल, मागचं लेबल, कॅप्सूल (झाकणावरचं आवरण), तळ, काचेवरचा लॉट कोड, आणि पाठीमागून उजेड सोडून मानेतली पातळी. कॉर्कच्या खालच्या कडेपासून पातळी किती मिलिमीटर खाली आहे ते मोजा. मग 0.1 ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर वजन करा. हे वजन फार कामाचं आहे. 46 टक्क्यांच्या व्हिस्कीत 10 ग्रॅमची घट म्हणजे जवळजवळ 11 मिलि उडून गेली, आणि डोळ्यांना ती रुंद खांद्याच्या बाटलीत दिसतही नाही. दर सहा महिन्यांनी पुन्हा वजन करा.

बाटली उभीच ठेवा, कारण आडवी ठेवली की मद्यार्क कॉर्क खातो. तापमान 15 ते 20 अंशांत स्थिर, खोली अंधारी.

एनएफसी टॅग (फोन जवळ नेला की वाचली जाणारी चिप) लावणार असाल तर साधा एनटॅग 213 नको, त्यातला मजकूर जसाच्या तसा दुसऱ्या टॅगवर उतरवता येतो. एनटॅग 424 डीएनए दर स्कॅनला नवा सांकेतिक संदेश देतो. धातूच्या कॅप्सूलवर साधा टॅग वाचला जात नाही, फेराइटचा थर असलेला लागतो. जुन्या बाटलीला काहीच चिकटवू नका, लेबल खराब झालं की किंमत पडते. टॅग बाहेरच्या सीलबंद पिशवीवर लावा.

फार जुन्या बाटलीची आधी परीक्षा करून घ्या. 2018 मध्ये ईस्ट किलब्राइडच्या प्रयोगशाळेने कार्बन तपासणी केली तेव्हा 55 दुर्मिळ बाटल्यांपैकी 21 नकली किंवा लेबलवर लिहिलेल्या सालच्या नसलेल्या निघाल्या. ब्लॉकचेनच्या साखळीवर चढवलेली खोटी नोंद खोटीच राहते, फक्त पुसता येत नाही.

कॉन्ट्रॅक्ट आणि सोडवणूक

टोकन सोडवताना लगेच बर्न, म्हणजे कायमचं रद्द, करू नका. बाटली वाटेत फुटली, वय पडताळणीत अडचण आली, तर खरेदीदाराच्या हाती काहीच उरत नाही. तीन अवस्था ठेवा: चालू, मागणी आलेली, पोचवलेली. मागणी नोंदली की टोकन गोठवा, पोच मिळाल्यावर बर्न करा, आणि 14 दिवसांत माल निघाला नाही तर खरेदीदाराला मागणी मागे घेता आली पाहिजे.

ओपनझेपलिन या तयार कोडसंग्रहाच्या पाचव्या आवृत्तीत टोकनचं प्रत्येक हस्तांतर ‘अपडेट’ या अंतर्गत फंक्शनमधून जातं. तिथेच अट घाला: गोठवलेलं टोकन शून्य पत्त्याखेरीज (बर्न केलेलं टोकन जातं तो पत्ता) कुठेही जाऊ नये. ही ओळ राहून गेली, तर बाटली मागवलेला माणूस तेच टोकन बाजारात दुसऱ्याला विकून मोकळा होतो, आणि तो दुसरा तुमच्या दारात येतो. अवस्था बदलली की ईआरसी-4906 या नमुन्याची सूचना सोडा, म्हणजे बाजारपेठांना नवी माहिती उचलण्याचा इशारा मिळेल.

घरचा पत्ता साखळीवर कधीही लिहू नका. वॉलेटच्या सहीने धारक ओळखा आणि प्रत्येक सहीत एकदाच चालणारा क्रमांक ठेवा, नाहीतर जुनी सही कोणीही पुन्हा वापरेल. नवीन टोकन काढण्याचा अधिकार एका किल्लीवर (वॉलेटच्या गुप्त सांकेतिक क्रमांकावर) नको; पाचपैकी तीन सह्या लागतील असं करा. किल्ली हरवलेल्या धारकासाठी नोटीस, मुदत आणि टोकन पुन्हा देण्याचा नियम अटींत आधीच लिहा.

पैसे

बॉन्डमध्ये असताना उत्पादन शुल्क स्थगित असतं. बाटली बाहेर पडली की लागतं. ते शुद्ध मद्यार्कावर मोजतात: 70 सेंटिलिटरच्या 46 टक्के बाटलीत 0.322 लिटर. ब्रिटनमध्येच पोचवायची तर 20 टक्के व्हॅट. हे, पाठवणी आणि विमा मिळून अंदाजे आकडा विक्रीच्या पानावर भावाशेजारीच दाखवा. सोडवण्याच्या दिवशी कळला तर भांडण ठरलेलं. भावात गोदामाचं भाडं किती वर्षांचं धरलं आहे आणि नंतर ते कोण भरणार, तेही तिथेच.

खरेदीदार पुण्याचा असेल तर त्याला स्पष्ट सांगा: महाराष्ट्रात व्हिस्कीसाठी वय 25 पूर्ण हवं आणि परवाना हवा. विमानाने येताना दोन लिटरची मुभा आहे, पण ती सामानाच्या एकूण किंमतमर्यादेतच, दुर्मिळ बाटलीला पुरणारी नाही. कराबाबत 30 जून 2022 ची केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाची अधिसूचना सीएला दाखवायला सांगा. टोकनच्या हस्तांतराने प्रत्यक्ष वस्तूची मालकी कायदेशीररीत्या बदलत असेल, तर ते टोकन कराच्या व्याख्येतल्या एनएफटीत (ब्लॉकचेनवरच्या एकमेव टोकनांत) धरत नाहीत. म्हणजे गोदामवाल्याशी केलेला तो करार इथेही विचारला जाणार. त्याची सहीशिक्क्याची प्रत खरेदीदाराला पहिल्याच दिवशी द्या.