२ लाख किलोमीटर पळालेली गाडी ठेवायची की विकायची, हे कसं ठरवावं

बियाण्यांच्या कामासाठी मी लातूर, धाराशिव, बीड, नांदेड असा वर्षाला ३५-४० हजार किलोमीटर फिरतो. आजवर ४ गाड्या २ लाखांच्या पुढे नेल्या. त्यातली एक चुकीच्या सल्ल्यावर विकली, त्याची हळहळ अजून आहे. नात्यात कुणाच्या गाडीचं रनिंग दीड लाखाच्या वर गेलं की मला फोन येतो, "भाऊ, काढून टाकू का आता?" आणि सोबत कुणीतरी डोक्यात भरवलेलं असतं: लाखानंतर गाडी म्हणजे पांढरा हत्ती, १० वर्षांनी डिझेल बंद.

डिझेलला १० आणि पेट्रोलला १५ वर्षं ही मर्यादा दिल्ली आणि तिच्या भोवतालच्या राजधानी क्षेत्रातली आहे. आपल्याकडे खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं असतं आणि पुढे तपासणी करून ५-५ वर्षांनी वाढवून मिळतं. किलोमीटरचं म्हणाल तर, लातूर-पुणे हायवेला पाचव्या गिअरमध्ये पळालेले २ लाख इंजिनाला सोपे जातात. लातूरच्या गंजगोलाई बाजाराच्या गर्दीत पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रखडलेले ७० हजार त्याहून जड पडतात. मीटरवरचा आकडा बघून काहीही ठरवू नका. त्याऐवजी खालच्या गोष्टी एकेक करून बघा.

कागद

आरसीवरची तारीख बघा. १५ वर्षं भरत आली असतील तर फेरनोंदणीची फी (कारला एप्रिल २०२२ पासून ५,००० रुपये), पर्यावरण कर आणि पासिंगआधीची किरकोळ कामं खर्चात धरा.

मागच्या २ वर्षांची बिलं

टायर, बॅटरी, ब्रेक, क्लच प्लेट एकीकडे लिहा. ही झीज आहे, नव्या गाडीलाही येते. बाकीची दुरुस्ती दुसरीकडे. निर्णयाला दुसरी यादीच लागते.

इंजिन

इथं घाई केली तर फसाल. मी फसलो.

माझी डिझेल सेडान १,८५,००० ला सकाळच्या स्टार्टला निळा धूर मारायला लागली. ज्या गॅरेजला वर्षानुवर्षं जात होतो तिथं सायलेन्सरकडे एकदा बघून निकाल दिला: "इंजिन गेलं. रिंग-पिस्टन, हेड, सगळं मिळून ७०-८० हजार धरा." मी घाबरलो आणि आठवड्यात मिळेल त्या किमतीला गाडी दिली. घेणाऱ्यानं व्हॉल्व्हचे सील (ऑइल आत झिरपू न देणारे छोटे रबर) बदलले. एवढंच. पुढची ३ वर्षं ती गाडी मला औशाच्या रस्त्यावर समोरून येताना दिसायची, आणि मागे धूर नसायचा.

तेव्हापासून माझा नियम पक्का आहे. धूर दिसतो का एवढं विचारून भागत नाही, तो कधी दिसतो हे बघायचं. गाडी रात्रभर उभी ठेवा. सकाळी एकानं स्टार्टर मारायचा, दुसऱ्यानं सायलेन्सरमागे उभं राहायचं. निळा भपका आला आणि काही सेकंदांत साफ झाला तर संशय सीलवर. घाट उतरताना बराच वेळ अ‍ॅक्सिलरेटर सोडला आणि खाली येऊन दाबल्यावर एकदाच धूर आला, तरी तेच. चढावर जोर दिला की निळा धूर येतच राहतो, तेव्हा पिस्टनच्या रिंगांचा, म्हणजे इंजिन उघडायच्या मोठ्या कामाचा विचार करा. त्यातही गाडी टर्बोची (इंजिनात जादा हवा ढकलणारा पंखा असलेली) असेल तर आधी टर्बोचा पाइप काढून आत ऑइल साचलंय का ते पाहायला लावा, कारण टर्बोचं सील गेलं तरी धूर तसाच दिसतो. काळ्या धुराचं कारण बहुतेक वेळा एअर फिल्टर किंवा इंजेक्टर असतं. आपल्याकडच्या धुळीत फिल्टर पुस्तकात लिहिलंय त्याच्या आधीच बदलावा लागतो.

मग ऑइल मोजा, अंदाज नको. सपाट जागी, सकाळी, इंजिन थंड असताना डिपस्टिकवर वरच्या खुणेपर्यंत भरा, १,००० किलोमीटर चालवा आणि परत त्याच खुणेपर्यंत यायला किती लागलं ते मापानं बघा. पाव लिटर लागलं तर विसरून जा. अर्धा लिटर लागलं तर डिकीत कॅन ठेवा आणि लक्ष असू द्या. लिटरभर लागत असेल आणि बाहेर कुठंच गळती नसेल, तर इंजिनाचं काम जवळ आलंय.

ऑइलचं झाकण सैल करून नुसतं वर ठेवायचं आणि ते थरथरलं की "इंजिन गेलं" म्हणायचं, हा प्रकार हल्ली फार चाललाय. थोडं थरथरणं चांगल्या इंजिनातही दिसतं, डिझेलमध्ये तर दिसतंच. एवढ्यावर कुणालाही इंजिन उघडू देऊ नका. मिस्त्रीला कॉम्प्रेशन टेस्ट (सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो ते मोजणं) करायला सांगा आणि प्रत्येक सिलिंडरचा आकडा कागदावर लिहून घ्या. पेट्रोलमध्ये साधारण १५० ते १८० पीएसआय दिसतं, डिझेलमध्ये ३५० च्या वर. आकड्यापेक्षा फरक महत्त्वाचा: चारही सारखेच थोडे कमी असतील तर गाडी अजून चालेल, एकच बाकीच्यांपेक्षा १५ टक्क्यांहून खाली असेल तर दुखणं तिथं आहे. पेट्रोल गाडीत त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजायला लावा. आकडा चढला तर रिंगा, नाही चढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट (इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधली पट्टी). डिझेलमध्ये हा ऑइलचा प्रयोग करू देऊ नका. ज्या गॅरेजकडे कॉम्प्रेशनचं मीटर नाही, त्याच्या तोंडून "इंजिन गेलं" ऐकून घ्यायचं नाही.

आता पाणी. मराठवाड्यात इंजिनाचा खरा वैरी बोअरचं पाणी आहे. उन्हाळ्यात रेडिएटर कमी दिसला की लोक हापशाची बाटली ओततात. आंघोळीच्या बंबाला आतून जसा पांढरा थर बसतो, तसाच तो रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. इंजिन पूर्ण थंड असताना (गरम असताना चुकूनही नाही, वाफेनं तोंड भाजतं) रेडिएटरचं झाकण उघडा आणि आतल्या काठावर बोट फिरवा. बोटाला खरखरीत पांढरं लागलं तर ही गाडी पाण्यावर चाललेली आहे. कुलंट हिरवं, लाल किंवा निळं, पण स्वच्छ दिसलं पाहिजे. त्यावर तेलकट तवंग असेल, किंवा ऑइलच्या झाकणाखाली लोण्यासारखा पिवळट फेस असेल, तर हेड गॅस्केटची तपासणी केल्याशिवाय पुढचं पाऊल टाकू नका. पावसाळ्यात जवळच्या जवळ फिरणाऱ्या गाडीला थोडा फेस येतो. चैत्र-वैशाखात तो दिसला तर त्याला पावसाचं कारण चालत नाही.

शेवटची परीक्षा मी मांजरसुंबा घाटात घेतो. मे महिना, दुपार, चार माणसं, एसी चालू. वर पोचल्यावर गाडी बंद न करता ५ मिनिटं उभी ठेवायची. काटा मध्याच्या आसपास थांबला, फॅन लागला आणि आपोआप बंद झाला तर त्या इंजिनाला आणखी २-३ उन्हाळे मिळतील असं मी खुशाल सांगतो.

बॉडी

आपल्याकडची हवा कोरडी, कोकणासारखा पत्रा सडत नाही. चटया उचलून फ्लोअर बघा, डिकीतली स्टेपनी काढून खालचा पत्रा बघा. चेसिसला वेल्डिंग मारलेलं दिसलं तर विका.

एका गोष्टीवर मी तडजोड करत नाही. ड्रायव्हरची एअरबॅग भारतात जुलै २०१९ पासून सक्तीची झाली, एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) एप्रिल २०१९ पासून. त्याआधीच्या बेसिक मॉडेलमध्ये बरेचदा दोन्ही नसतं. तुम्ही लेकराबाळांना घेऊन महिन्यातून दोनदा रात्रीचा पुण्याचा प्रवास करत असाल आणि गाडीत यातलं काहीच नसेल, तर इंजिन कितीही ठणठणीत असू द्या, गाडी बदला. तीच गाडी शेतात आणि तालुक्याला जाण्यापुरती असेल तर ठेवा.

हिशोब

"गाडीची किंमतच दीड लाख, तिच्यावर ६० हजार कशाला घालायचे?" हे वाक्य मी शंभरदा ऐकलंय आणि दर वेळी खोडून काढलंय. ६० हजारांची तुलना गाडीच्या किमतीशी करू नका, तिच्या जागी जे येणार त्याच्या खर्चाशी करा. ६ लाखांचं कर्ज साडेनऊ टक्क्यांनी ५ वर्षांसाठी काढलं तर हप्ता १२,६०० च्या आसपास बसतो, म्हणजे वर्षाला दीड लाख, विमा वेगळा. ६० हजारांच्या कामानं जुनी गाडी २ वर्षं निर्धास्त चालणार असेल तर वर्षाला ३० हजार पडले. सोयाबीनला भाव नाही अशा वर्षी हा फरक घराला कळतो.

मात्र ते काम एकदाच व्हायला हवं. एका वर्षात तीन वेगवेगळ्या जागी मोठी कामं निघाली, किंवा गाडीनं घरच्यांना दोनदा रस्त्यात उभं केलं, तर मी हिशोब बंद करून विकायला सांगतो. रात्री मांजरा नदीच्या पुलावर बायको-मुलांसह उभं राहण्याची किंमत कुठल्याही वहीत बसत नाही.

विकायचं ठरलं तर

चालत्या स्थितीत विका, बंद पडल्यावर नाही. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून गाडी देऊन टाकली म्हणजे झालं, असं समजू नका. आरटीओत नाव बदलेपर्यंत तिच्या अपघाताचं आणि चलनाचं लचांड तुमच्याच गळ्यात असतं. खरेदीदाराच्या आधारची प्रत आणि गाडी दिल्याची तारीख-वेळ लिहिलेली पावती घ्या, आणि परिवहनच्या साइटवर नाव बदललेलं दिसेपर्यंत किमतीवर आणखी १० हजार हाताशी ठेवून सौदा करा: ते खरेदीदारानं तुमच्याकडे अनामत म्हणून ठेवायचे, नाव बदललं की तुम्ही परत द्यायचे. भंगारात देणार असाल तर सरकारमान्य स्क्रॅप केंद्रातच द्या आणि रजिस्ट्रेशन रद्द झाल्याची खात्री करा.