अतिवृष्टीचं अनुदान: पंचनाम्यापासून खात्यापर्यंत काय काय बघायचं

जीआर (मदतीचा शासन निर्णय) निघाला, व्हॉट्सॲपवर फिरला, म्हणजे पैसे आले असं होत नाही. जीआर जिल्ह्याच्या नावानं निघतो, पैसे तुमच्या नावानं यायचे असतात, आणि मधे बरंच काही अडकतं.

सुरुवात पंचनाम्यापासून. तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं), कृषी सहायक आणि ग्रामसेवक येतात तेव्हा स्वतः बांधावर थांबा, पोराला पाठवून देऊ नका. गट नंबर, पीक आणि बाधित क्षेत्र किती लिहिलं ते तिथंच वाचून घ्या, कारण नुकसान ३३ टक्क्यांच्या खाली दाखवलं की विषय संपला. सातबाऱ्यावर ई-पीक पाहणी (मोबाइल ॲपवरून केलेली पिकाची नोंद) नसेल तर तिथंही घोळ होतो. रान साफ करायच्या आधी तारीख आणि लोकेशन येणारे फोटो काढून ठेवा.

२०२५ चे दर असे: जिरायत हेक्टरी ८,५००, बागायत १७,०००, बहुवार्षिक फळबाग २२,५००. एरवी मर्यादा २ हेक्टर, २०२५ च्या ऑक्टोबरात सरकारनं ती ३ हेक्टर केली आणि रब्बीच्या बियाण्यासाठी हेक्टरी १०,००० वेगळे जाहीर केले. खर्चाच्या मानानं हे कमीच, पण हक्काचं आहे ते सोडायचं कशाला. जमीनच खरडून गेली असेल तर अल्प-अत्यल्पभूधारकांना हेक्टरी ४७,००० असतात, ते पिकाच्या पंचनाम्यात आपोआप येत नाहीत, वेगळं लिहून घ्यायला सांगा.

जनावर दगावलं तर घाईनं पुरू नका. आधी पशुवैद्यकीय डॉक्टर आणि तलाठ्याला कळवा, कानातल्या बिल्ल्याचा नंबर दिसेल असा फोटो काढा. दुभत्या गाई-म्हशीला ३७,५००, बैलाला ३२,०००, शेळी-मेंढीला ४,०००.

मग याद्या लागतात, ग्रामपंचायतीत नाहीतर तलाठ्याकडे, आणि नावापुढं विशिष्ट क्रमांक असतो. तो घेऊन सेवा केंद्रात आधारची केवायसी (ओळख पडताळणी) करायची. २०२५ मधे फार्मर आयडीवाल्यांना (शेतकरी ओळख क्रमांक काढलेल्यांना) यातून सूट दिली होती, तरी तुमचं नाव कुठल्या यादीत आहे ते विचाराच. स्क्रीनवर क्षेत्र किंवा रक्कम चुकीची दिसली तर गडबडीत अंगठा देऊ नका, आधी तक्रार नोंदवा आणि पावती घ्या.

सगळ्यात जास्त गोंधळ खात्याचा. तुम्ही पासबुक जिल्हा बँकेचं दिलेलं असतं, पण पैसे जातात आधारला जे खातं जोडलंय त्यात, आणि कुणीतरी कॅम्पमधे अंगठा घेऊन दुसरंच खातं उघडून दिलेलं असतं, ते बऱ्याच जणांना आठवतही नाही. आधारच्या वेबसाइटवर बँक सीडिंग स्टेटस, म्हणजे आधारला कुठली बँक जोडलीय ते बघा, तिथं जी बँक दिसेल तिथं जाऊन एंट्री मारा. कित्येकांचे "न आलेले" पैसे तिथंच निघतात.

जमिनीचं खातं सामाईक असेल तर बाकीच्यांचं संमतीपत्र लागतं, खातेदार वारला असेल तर वारसाची नोंद आधी. भावकीत बोलणं नसेल तर हे सगळ्यात किचकट काम, ते पंचनाम्याच्या आठवड्यातच सुरू करा.

बँकेनं ही रक्कम कर्जखात्यात वळवली किंवा होल्ड लावला तर जीआरची प्रिंट घेऊन जा, मदतीतून वसुली करू नये असं त्यात लिहिलेलं असतं. मॅनेजर ऐकत नसेल तर तहसीलदाराकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. आणि पीकविमा हे वेगळं प्रकरण आहे, अनुदान मिळालं म्हणून विमा जात नाही, विम्याचं विमा कंपनी आणि कृषी ऑफिसला विचारायचं, तलाठ्याला नाही.